पिठातल्या सह्या

पोस्टाच्या बाईंना समोरच्या माणसाचा अपमान केल्याशिवाय बोलायला सुरुवातच करता येत नसे. लोक ‘बरं हाय का’ असं विचारतात तिथे बाई विचारायच्या, ‘अजून हायेस व्हय तशीच?’ लग्न होऊन मी बारामतीहून निमगाव केतकीला आले, तेव्हा त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि माझ्यादेखत सासूबाईंना विचारलं, ‘आक्का, ही बारामतीकरीण शिकल्याली हाय म्हनं. मग हिच्या नावावर काय हाय, का नुसतंच शिक्षान?’

‘गळ्यात बोरमाळ हाय की,’ सासूबाई म्हणाल्या.

‘ती हिची व्हय? मग कपाटाची किल्ली कुनाच्या कमरंला हाय?’

किल्ली सासूबाईंच्या कमरेला होती. मी हसले, त्या हसल्या नाहीत. मला मात्र बाई त्याच दिवशी आवडल्या.

पोस्टात त्या नोकरीला नव्हत्या. गावोगाव फिरून बायकांकडून महिन्याला ठरलेली रक्कम गोळा करायची आणि ज्या त्या बाईच्या नावाने पोस्टात भरायची, एवढं त्यांचं एजंटचं काम. त्यावर थोडंफार कमिशन सुटायचं. बावड्याहून त्या एसटीने यायच्या. खांद्याला रेक्झिनची काळी पर्स आणि चेहरा असा, की जणू सगळ्या इंदापूर तालुक्याने त्यांचा काही गुन्हा केला आहे. नवरा सायकलींची पंक्चर काढायचा. घरात पैसा बाईंच्या हातात असे आणि त्याला रोजच्या विडीकाडीचे पैसे त्याच मोजून देत. पारावरच्या बाप्यांना याचं भारी हसू यायचं. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांची घरं बायकोच्या म्हशीवर चालत होती, पण ते कुणाला हसू येण्यासारखं वाटत नव्हतं.

आमची पिठाची गिरणी होती. बाजारच्या दिवशी वस्त्यांवरच्या बायका दळण घेऊन येत, डबे रांगेला लावत आणि बाजार करून परत येईपर्यंत तिथेच टेकत. म्हणून बाईंनी आपलं बस्तान तिथेच मांडलं होतं. शिवाय गिरणी सुरू असली की दोन हातांवरचं माणूस काय बोलतं ते ऐकू येत नाही. बायका बाईंच्या कानाला तोंड लावून ओरडायच्या, बाई त्यांच्या कानात ओरडायच्या, आणि दारात तंबाखू मळत उभ्या असलेल्या नवऱ्याला आपल्या बायकोने कोंबड्या विकून किती साठवले याचा पत्ता लागायचा नाही. तालुक्यातल्या बायकांचं हे एवढं खासगी बोलणं इतक्या मोठ्याने दुसरीकडे कुठे चालत नसेल.

‘मला काय कळतंय त्यातलं’ हे वाक्य बाईंपुढे उच्चारायची सोय नव्हती. एकदा एका बिचारीने पासबुक उलटं धरून ते म्हटलं. बाई कडाडल्या, ‘म्हस कधी गाभन ऱ्हायली ते कळतं तुला. जावंनं डब्यातली मूठभर डाळ काढली तरी कळतं. आन याज तेवढं कळत न्हाय? लाज वाटत न्हाय खोटं बोलायला?’ ती बाई रडकुंडीला आली. पण पुढच्या खेपेला तिने पासबुक सुलटं धरलं, आणि मागच्या महिन्याचा शिक्का कुठे आहे म्हणून उलट बाईंनाच जाब विचारला. बाई इतक्या खूश झाल्या, की तिला अजून एक शिवी देऊन गेल्या.

त्यांचे आईवडील मेंढरं घेऊन फिरणारे. बाईंचं लहानपण वाड्यावर गेलेलं, म्हणजे आज या माळाला तर उद्या त्या. त्यामुळे पैसा शिकवताना त्या मेंढरांवरच यायच्या. ‘लोकर काप, कोकरू इक. पन मेंढीला हात लावला तर तुझ्यासारखी येडी तूच.’ मुद्दल आणि व्याज यांतला फरक मी कॉलेजात ज्या प्राध्यापकाकडून शिकले, त्याला स्वतःला तो कळला होता की नाही याची मला आजही शंका आहे. बायकांना मात्र बाईंचं एका दमात कळायचं.

सोन्यावर त्यांचा दात होता. कुणी नवी पाटली दाखवली की त्या म्हणत, ‘झ्याक हाय. अडचन आली की हीच पयली जाईल, आन नवरा म्हनंल, परत करीन.’ दुधाचंही तेच. धार बाईने काढायची, वैरण तिने घालायची, शेण तिने ओढायचं, आणि डेअरीतलं खातं मात्र नवऱ्याच्या नावाने. बाई विचारायच्या, ‘तो देतो व्हय दूध?’ या एका प्रश्नावर आमच्या भागात किती घरांत भांडणं लागली असतील, देव जाणे. लागली ते बरंच झालं.

आता माझी भाची मला मोबाइलवर व्हिडिओ पाठवते. त्यात इस्त्रीच्या कुडत्यातल्या तरुण बाया, मागे कुंडीत हिरवं झाड ठेवून, बायकांना पैशाचं ज्ञान देतात. गोड बोलतात. ‘मैत्रिणींनो, स्वतःवर प्रेम करा आणि गुंतवणुकीला आजच सुरुवात करा.’ कुणाचा अपमान करत नाहीत, कुणाचं काही विचारत नाहीत. घरातल्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे न विचारता पैशाचं शिकवता येतं, असं त्यांना वाटत असावं. मी पाच मिनिटं बघते आणि बंद करते. बाईंनी ते झाड आधी उपटून फेकलं असतं.

अंगठ्याचा तर बाईंना मनापासून तिटकारा. शाईच्या पॅडवर अंगठा दाबणारी बाई दिसली, की त्या तोंड फिरवत. ‘आंगठा कुनीबी धरून टेकवतंय. मेल्या मानसाचाबी टेकवत्यात,’ असं त्या म्हणत. म्हणून त्यांनी सह्या शिकवायचं मनावर घेतलं. पाटी-पेन्सिल आणायला पैसे कोण देणार? गिरणीत पिठाला काय तोटा! फळीवर उडालेलं पीठ हाताने सारखं करायचं, त्यात बोटाने नाव काढायचं, चुकलं की पुसायचं. सासूबाई धुसफुसायच्या. पीठ म्हणजे लक्ष्मी, तिच्यात काय रेघोट्या मारायच्या! बाई म्हणाल्या, ‘आक्का, लक्षुमीवर माझं नाव घातलं तर बिघडलं कुठं? आजवर दुसऱ्याचंच हाय.’

या शाळेत सगळ्यात हुशार निघाली मंगल. आमच्या गिरणीमागच्या वस्तीवर दिलेली, माहेर कऱ्हाटीचं. तिने पिठात पहिल्यांदा पूर्ण नाव काढलं तेव्हा ते पुसायला ती तयारच होईना. मागे बायकांची रांग लागली, एकीने ओरडून विचारलं, ‘आता घरी न्हेतीस का काय फळी?’ मंगल फळीला आडवी होऊन उभी. शेवटी बाईंनीच हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘परत काढ. आता ते तुजं हाय, पुसलं तरी जात न्हाय.’ एवढं मऊ बोललेलं मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं. लगेच त्यांनी दुसरीला झापून ती चूक भरून काढली.

आणि मग पिठातच सही शिकलेल्या हौसाबाईचं झालं.

हौसाबाई एका बाजारी कडक इस्त्रीची डाळिंबी साडी नेसून गिरणीत आली. चेहरा असा फुललेला, की घरात लग्न निघालं असावं. बाईंसमोर जाऊन ती म्हणाली, ‘बाई, काल इंदापूरच्या आफिसात मी सही केली! आमी तिघी बहिनी हुतो. त्या दोघींनी आंगठं लावलं. मी म्हनलं, आंगठा न्हाय, पेन द्या. सायेब बगतच ऱ्हायला!’

बाईंनाही आनंद झाला. ‘कशावर केली?’

‘भावानं आनल्याल्या कागदावर.’

‘कसला कागद?’

‘ते काय म्हाईत न्हाय बा. वडलांच्या जमिनीचा. हक्कसोड का काय म्हनत हुते. भावानं तिघींनाबी साड्या घेतल्या, ही बगा.’

आमच्याकडे ही जुनी रीत. बाप गेला की बहिणींचीही नावं वारस म्हणून जमिनीला लागतात. मग भाऊ बहिणींना गाडीत घालून नेतो, कचेरीत त्यांच्याकडून हक्क सोडल्याचं लिहून घेतो, एक साडी-चोळी देतो, आणि बहीण भरल्या डोळ्यांनी घरी येते, की भावाचं भलं केलं, माहेर राखलं. यात वाईट वाटण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटत नाही. वाटलंच तर ती बहीण हावरी.

मला वाटलं आता हौसाबाईची धडगत नाही. पण बाई हौसाबाईला काहीच बोलल्या नाहीत. फळीवरचं पीठ त्यांनी दोन्ही हातांनी खाली लोटलं आणि स्वतःलाच म्हणाल्या, ‘मीच शिकवली की गं. सुरी मीच धार लावून दिली.’

त्या दिवसापासून शिकवणं उलटं झालं. आधी वरचं वाचायचं, मग सही. वाचता येत नसेल तर ‘वाचून दावा’ म्हणायचं. दाखवत नसतील तर ‘न्हाय’ म्हणायचं. बाई एकेकीला उभी करून तिच्याकडून ‘न्हाय’ म्हणवून घ्यायच्या. ‘मोठ्यानं! गिरनीच्या वर आवाज आला पायजे!’ बायका हसायच्या, पदर तोंडाला लावायच्या. जिथे नाव काढायला चार बाजार लागले, तिथे हा एक शब्द काढायला वर्ष गेलं. कित्येकींना तो आलाच नाही.

पुढच्या वर्षी मंगलचे वडील वारले. दिवसकार्य झाल्यावर थोड्याच दिवसांत, बाजारच्याच दिवशी, तिचा थोरला भाऊ दत्तू कऱ्हाटीहून जीप घेऊन तिला न्यायला आला. ती घरी नव्हती, दळण घेऊन आमच्याकडे आली होती. तो थेट गिरणीत आला, हातात साडीचा खोका. मागोमाग मंगलचा नवराही आला. तिला सह्या शिकल्याबद्दल वर्षभर टोमणे मारणारा हा गृहस्थ आता तिच्या हक्कासाठी लढायला निघाला होता. कारण उघड होतं. मेव्हण्याकडे जीप होती, याच्याकडे नव्हती.

दोघेही गिरणीच्या आवाजावर ओरडत होते, कुणाचंच कळत नव्हतं. मी उठले आणि मोटर बंद केली. भरबाजारी गिरणी बंद पडल्यावर जी शांतता झाली, तिची सवय आमच्यापैकी कुणालाच नव्हती.

‘मंगल, चल,’ दत्तू म्हणाला. ‘बारामतीत वकील थांबलाय. आफिस बंद हुईल.’ असं म्हणून त्याने साडीचा खोका तिच्या हातात दिला.

‘सही करायची न्हाय,’ नवरा म्हणाला. ‘दीड एकर येतंय वाट्याला. आपुन इकू आन गाडी घिऊ.’

मंगल दोघांच्या मध्ये उभी. बाई जागेवरून न उठता म्हणाल्या, ‘मंगल, तुला काय पायजे?’

हा प्रश्न तिला आयुष्यात कुणी विचारला नसावा. कारण आणखी कुणाला विचारलं की काय, म्हणून तिने मागे वळून पाहिलं. मग म्हणाली, ‘मला म्हायेर पायजे.’

दत्तूचा चेहरा उजळला. ‘मंग झालं की! चल, कर सही.’

मंगल हलली नाही. रांगेत डबा धरून हौसाबाई उभी होती. तिच्याकडे वळून मंगलने विचारलं, ‘हौसाबाई, तुमचा भाऊ पंचमीला आला हुता न्यायाला?’

हौसाबाई डब्याचं झाकण लावत-काढत राहिली. सगळी गिरणी तिच्या उत्तराची वाट बघत होती. ‘त्याला काम असतंय लई,’ ती म्हणाली. ‘दिवाळीलाबी हुतं.’

मंगलने खोका फळीवर ठेवला. ‘दादा, जमीन तू कस. मला त्यातलं काय नको, आन यान्लाबी इकू देत न्हाय. पन माझं नाव ऱ्हाऊ दे. मी सही करत न्हाय.’ शेवटचा शब्द बाईंना हवा होता तेवढ्या मोठ्याने आला.

दत्तूने एकदा बाईंकडे पाहिलं. ‘ह्या अवदसंनं शिकिवलं तुला. आजपासनं तुजं म्हायेर मेलं,’ तो म्हणाला, आणि फळीवरचा साडीचा खोका उचलून बगलेत मारून चालता झाला. ती साडी मायेची नव्हती, सहीची किंमत होती, हे एवढं स्वच्छ मी कधी पाहिलं नव्हतं. नवरा दुसऱ्या दाराने गेला, तोही तोंड पाडून. मंगल पोत्यांवर बसून हमसून हमसून रडली. बाईंनी तिला उगी केलं नाही. त्यांना ते येतच नव्हतं. त्या मला म्हणाल्या, ‘बगतीस काय, चालू कर की गिरनी.’ मी मोटर सुरू केली, म्हणजे तिचं रडणं कुणाला ऐकू येईना.

गावाने बाईंना सोडलं नाही. पुरुष चिडले याचं नवल नाही. पण ज्या बायकांच्या नावावर बाईंमुळे पहिल्यांदा चार पैसे लागले, त्याच म्हणू लागल्या, की ही घरं फोडते, भावाबहिणीत वितुष्ट आणते. एकेकीने खातं बंद केलं. बाईंचं कमिशन आटलं. सासूबाईंना तर निमित्तच हवं होतं. त्या म्हणाल्या, ‘बाई, आमच्या गिरनीत ह्ये नको. तुमी तरी घेतला का भावांकडनं वाटा?’

‘न्हाय घेतला,’ बाई म्हणाल्या. ‘म्हनून तर सांगती.’

त्यांनी पर्स उचलली आणि गेल्या. मी सासूबाईंशी तोंड भरून भांडले, त्याचा उपयोग काहीही झाला नाही. पुढे बाई एसटी स्टँडच्या बाकावर बसायच्या. मी माझे पैसे तिथे जाऊन भरत राहिले, मंगलही. पण स्टँडवर आपलं गुपित कानात ओरडायची सोय नव्हती, त्यामुळे बाकीच्या फिरकल्या नाहीत. मग बाईंचे गुडघे गेले आणि त्यांचं येणं थांबलं. त्यांच्या जागी एक दुसरी एजंट आली, फार गोड बोलणारी. नवं खातं उघडलं की स्टीलची वाटी भेट द्यायची. बायका तिच्यावर बेहद्द खूश होत्या. वाट्या तेवढ्या टिकल्या.

आता मंगलच्या माहेराचं. ते मेलं होतं खरं, पण सातबाऱ्यावर तिचं नाव जिवंत होतं. सोसायटीचं पीककर्ज काढायचं तर सगळ्या खातेदारांची सही लागते. विहिरीवर विजेचं कनेक्शन घ्यायचं तर संमती लागते. पहिल्या वर्षी दत्तू आला तो अंगणात उभाच राहिला, पाणीसुद्धा घेतलं नाही. मंगलने कागद हातात घेतला आणि एकेका ओळीखाली बोट धरून वाचायला बसली. दुसऱ्या वर्षी त्याचे पाय दुखले म्हणून तो टेकला. तिसऱ्या वर्षी जेवला. मग सोसायटीत समक्ष सही लागते म्हणून तो तिला कऱ्हाटीला घेऊन गेला. परतीची गाडी चुकली म्हणून ती राहिली, आणि भावजयीने तिच्या डोक्याला तेल लावलं. मंगल मुद्दाम सावकाश वाचायची, असा माझा दाट संशय आहे. हौसाबाई दर पंचमीला रस्त्याकडे बघत दारात बसायची आणि आमच्या गावातल्या शहाण्या बायका म्हणायच्या, बघा, हिने भावासाठी सगळं सोडलं, किती मोठ्या मनाची! त्या मोठ्या मनाला न्यायला कुणीच येत नव्हतं, हे त्यांच्या डोळ्यांना दिसत नव्हतं.

पुढे काही वर्षांनी मी एकदा कामासाठी बावड्याला गेले, तेव्हा बाईंकडे गेले. त्या खाटेवर पडून होत्या, अगदी वाळलेल्या. मला बघून म्हणाल्या, ‘अजून हायेस व्हय तशीच?’ मी म्हटलं, कपाटाची किल्ली आता माझ्या कमरेला आहे. त्यावर त्या म्हणाल्या, ‘मग सुनंला घाबर.’ नवरा चहा टाकायला उठला. आजारपणाचं विचारू लागले तर त्यांनी हातानेच ते बाजूला सारलं.

‘मंगलचा भाऊ येतो का गं?’ त्यांनी विचारलं.

‘येतो की. वर्षातनं दोन-तीनदा तरी.’

‘मायेनं येतो?’

‘छे! सहीसाठी येतो.’

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला.

‘येतो न्हवं पन,’ त्या म्हणाल्या. ‘माझं दोघं भाऊ मायेनं येनार हुतं.’